गच्चीवरचं सोलर, धूळ आणि दव: एका हिवाळ्याच्या नोंदी

२१ नोव्हेंबर

सकाळी सातच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर नऊ मेसेज. सगळ्यांची तक्रार एकच, सोलर हीटरचं पाणी कोमट. सेक्रेटरींनी 'थंडी वाढली की असंच होतं' असं लिहून विषय मिटवला आणि खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं.

मला हे पटलं नाही. पुण्याचा हिवाळा म्हणजे निरभ्र आकाश आणि दिवसभर खणखणीत ऊन. सोलरने रुसायचं तर जुलैत रुसावं. नळाचं पाणी आता गारेगार येतं हे खरं, पण दिवाळीआधी हात भाजत होते आणि आता अंघोळीला गिझर लावावा लागतो, एवढा फरक नुसत्या थंडीने पडत नाही.

चहा झाल्यावर गच्चीवर गेलो. आमची इमारत पाषाण-सूस रस्त्याला, सहा मजली. गच्चीवर चार युनिट, प्रत्येकी ५०० लिटरची टाकी आणि खाली ५० काचेच्या नळ्या. एका नळीवर बोट फिरवलं तर काळी रेघ उठली. नळी मुळात काळी, म्हणजे दिवसभर दिसत होता तो राखाडी रंग नळीचा नव्हताच. समोर दोन इमारतींचं काम चालू आहे, पलीकडे काँक्रीटचा प्लांट. वर दिवाळीच्या फटाक्यांची काजळी. पाऊस थांबल्यापासून या नळ्यांना पाणी लागलेलं नाही.

तिसऱ्या नळीवर बोटाने आजची तारीख लिहून ठेवली.

२४ नोव्हेंबर

धुण्याची आजवरची पद्धत काय, याची चौकशी केली. महिन्यातून एकदा एक मुलगा येतो, दुपारी जेवणानंतर बोअरच्या पाण्याचा पाइप लावतो, वीस मिनिटांत चारही युनिट 'मारून' जातो. गेले दोन महिने तोही आलेला नाही, पण त्याचा दोष कमीच. पैसे थकलेत.

बोअरचं पाणी आमच्याकडे इतकं जड आहे की बादलीला पांढरा थर धरतो. नळ्यांच्या खालच्या बाजूला तेच पांढरे ठिपके आहेत, ओघळ सुकला तिथे तिथे. खडकवासला धरणातून नळाला येणारं पाणी मऊ, पण ते गच्ची धुवायला वापरा म्हटलं तर सभेत माझं काही खरं नाही. एका सभासदांनी आरओचं वाया जाणारं पाणी वापरायची सूचना केली. सूचना मनापासूनची होती, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. फरशी पुसायला ठीक, काचेला नको.

२८ नोव्हेंबर

पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्स केलं. तिथली एक सवय अजून सुटत नाही: आधी मोजायचं, मग हात लावायचा.

चारही युनिट तुलनेला उपयोगाची नाहीत. चार नंबरवर सकाळी लिफ्टच्या खोलीची सावली असते, तीनच्या टाकीचं आवरण एका बाजूने फाटलंय. म्हणून एक आणि दोन, शेजारी शेजारी, एकाच कोनात. दिवसा कुणी पाणी ओढलं तर आकडे बिघडतात, तेव्हा सकाळी नऊला या दोन्हींचे बाहेर जाणारे व्हॉल्व्ह बंद करायचे, दुपारी चारला उघडायचे. तोवर तीन आणि चारवर भागवायचं. टाकीच्या वरच्या व्हेंटमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, तारेचा थर्मामीटर आत सोडतो. पाणी वर गरम, खाली गार असतं, त्यामुळे खोली दर वेळी तीच हवी. तारेला लाल दोरा बांधला, झालं.

बायको म्हणाली, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, शिफ्ट मात्र संपली नाही.

१ डिसेंबर

तीन दिवसांची सरासरी, दोन्ही युनिट मळकी. सकाळी नऊ ते दुपारी चारमधली वाढ: एक नंबर २५.५ अंश, दोन नंबर २६. म्हणजे जोडी जुळली. सकाळी २३ च्या आसपास पाणी, चारला ४९. रात्री टाकीतून आणि पाइपातून काही अंश जातात आणि पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत कोमटच राहतं. तक्रार खोटी नाही.

३ डिसेंबर

एक नंबर जुन्या पद्धतीने धुतलं: दुपार, बोअरचं पाणी, पाइप. धूळ निघाली म्हणण्यापेक्षा हलली. चिखल होऊन नळीच्या पोटाकडे गेला आणि तिथेच सुकला. ऊन इतकं की वरून खाली येईपर्यंत वरचं वाळलेलं.

प्लंबर खालून ओरडला, 'काका, तापलेल्या काचेवर गार पाणी, फुटतील!' त्याचं म्हणणं अर्धं बरोबर. सपाट कलेक्टरची (पाणी तापवणाऱ्या चपट्या पेटीची) किंवा वीज बनवणाऱ्या पॅनलची काच उन्हात स्वतः तापते, तिला गार पाण्याचा झटका बसू शकतो. आमच्या नळ्या दुहेरी काचेच्या. आतली तापते, मधे निर्वात पोकळी, बाहेरच्या काचेला दुपारीही हात लावता येतो. खरी भीती वेगळी आहे: नळी रिकामी असताना उन्हात तापली आणि मग आत गार पाणी शिरलं तर. (ही ओळ १९ तारखेला पुन्हा वाचली. वाईट वाटलं.)

७ डिसेंबर

धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी वाढ २७.५. आज परत २६. चार दिवसांत धुण्याचा सगळा फायदा गेला. वर पांढरे ठिपके वाढले ते वेगळे.

झोप लागेना म्हणून साडेपाचलाच वर गेलो. रामनदीच्या बाजूला धुकं, टेकडी दिसत नव्हती, वारा अजिबात नाही. नळीला हात लावला तर ओली. चारही युनिटच्या सगळ्या नळ्या दवाने निथळत होत्या. हाताला लागलं ते पाणी काळं.

तिथे उभं राहून पहिल्यांदा डोक्यात नीट उतरलं की धूळ चिकटते का. दिवसा जी बसते ती सुटी धूळ. उन्हाळ्यात ती वाऱ्याने बरीचशी उडतेही. हिवाळ्यात मात्र रात्री तिच्यावर दव पडतं, सिमेंटच्या आणि मातीच्या कणांमधले क्षार त्यात विरघळतात, सकाळी ऊन आलं की पाणी उडतं आणि क्षार मागे राहून कणाला कण आणि कण काचेला डकवतात. दुसऱ्या रात्री वर नवा थर. रोज एक हात गिलावा, तोही फुकट. पटलं कशावरून, तर नळ्यांची वरची चार बोटं टाकीच्या पोटाखाली झाकलेली आहेत. त्या भागावर आकाश दिसत नाही, दव पडत नाही. तिथली धूळ फुंकर मारली तर उडाली. खाली दोन वितीवर तीच धूळ नखाने खरवडावी लागते.

आणि मग पुढचं सुचलं. गिलावा आत्ता ओला आहे. ऊन यायला तास आहे. गवंडी जे करतो ते करायचं, ओला असतानाच पुसायचा.

गच्चीच्या दोरीवर कुणाचा तरी जुना बनियन वाळत होता. (तो चौथ्या मजल्यावरच्यांचा निघाला. नवा घेऊन दिला.) एका नळीवरून वरून खाली एकदाच फिरवला. काच आरशासारखी.

८ डिसेंबर

आज तयारीने. सुती कापडाचे आठ तुकडे, दोन रिकाम्या बादल्या, पाणी शून्य. नळी गोल असल्यामुळे सपाट फडक्याने बाजू राहून जातात, म्हणून हातात जुना मोजा घातला आणि मुठीत नळी धरून वरून खाली ओढली. मागची बाजूही आपोआप पुसली जाते. मोजा काळा झाला की बदलायचा, नाहीतर धुळीतले कण काचेवर घासले जातात. तारेची घासणी, पावडर यांना बंदी. नळीवर भार द्यायचा नाही, वाकताना दुसऱ्या हाताने चौकट धरायची.

पन्नास नळ्यांना पंचवीस मिनिटं लागली. मोजे पिळले तर जवळजवळ अर्धा लिटर काळं पाणी निघालं. एवढं पाणी आकाशाने स्वतः आणून, प्रत्येक नळीवर सारखं पसरून दिलं होतं, आणि मऊ, क्षाराचा कण नसलेलं. आपण त्याऐवजी दुपारी पंप लावून जड पाणी मारत होतो.

जुन्या पांढऱ्या ठिपक्यांना मात्र दव पुरलं नाही. त्यांना लिंबूसत्त्वाचं पातळ पाणी लावलं, दोन मिनिटं थांबून ओल्या फडक्याने पुसलं. पावसाळ्यात पिंपात धरलेलं थोडं पाणी उरलं होतं, ते इथे कामी आलं.

११ डिसेंबर

एक नंबर: वाढ ३० अंश. दोन नंबर, न पुसलेलं: २५.५.

साडेचार अंश ऐकायला किरकोळ वाटतात. ५०० लिटर पाण्याला साडेचार अंश म्हणजे सुमारे २.६ युनिट वीज. दोन किलोवॉटचा गिझर सव्वा तास. हे एका टाकीचं, एका दिवसाचं. ग्रुपवर आकडा टाकला, सहा अंगठे आले. एकाने विचारलं की मग पहिल्या मजल्यावर कधी. प्रश्न रास्त आहे, उतरत्या पाइपाचं आवरण जागोजाग गळून पडलंय. पण एका वेळी एकच काम.

१५ डिसेंबर

रविवार, लेकीचा फोन. ती कॅनडात कॅलगरीला असते. व्हिडिओवर तिला गच्ची दाखवली, मोजा दाखवला. ती हसत सुटली. 'बाबा, तुम्ही धूळ पुसताय, आमच्याकडे वीतभर बर्फ बसलाय पॅनलवर.'

मग तासभर तेच बोलणं. त्यांच्या छपरावर वीज बनवणारी पॅनल आहेत. मी विचारलं, रोज चढून काढता? म्हणाली, छे, निसरड्या छपरावर चढायचा वेडेपणा कोण करेल. जमिनीवरून लांब दांड्याचं खोरं वापरतात, त्याच्या तोंडाला फोम असतो, धातू नाही. बर्फ सगळा काढायचाही नसतो. खालची एक पट्टी मोकळी केली की तेवढी काळी काच उन्हाने तापते, बर्फाच्या पोटाखाली पाणी सुटतं आणि उरलेला सगळा एकदम घसरून येतो. एकदम येतो म्हणूनच खाली गाडी लावायची नाही. उतार जितका खडा तितकं हे लवकर घडतं. गरम पाणी ओतायचं नाही, काच तडकते आणि ओतलेलं पाणी पुन्हा गोठून बसतं ते वेगळं. मधूनच चिनूक नावाचा कोरडा उबदार वारा येतो आणि दोन दिवसांत सगळं मोकळं करून जातो.

आणि खूप जण काहीच करत नाहीत, हेही तिने सांगितलं. हिशेब सरळ आहे. कॅलगरी ५१ अक्षांशावर, डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम साडेपंधरा अंश, दिवस आठ तासांचा. वर्षाच्या कमाईत त्या महिन्याचा वाटाच लहान, तो बुडाला तरी कुणी रडत नाही. आपल्याकडे त्याच दिवशी दुपारी सूर्य ४८ अंशांवर असतो आणि दिवस अकरा तासांचा. शिवाय गरम पाण्याची गरजही याच महिन्यात. तिथल्या बर्फापेक्षा इथली धूळ महाग पडते, असं मी म्हटलं. तिने आईला सांगते म्हटलं.

फोन ठेवता ठेवता तिने शेजारच्या छपराचा फोटो दाखवला. त्यांच्याकडे आमच्यासारख्याच नळ्या आहेत पाण्याच्या. सगळ्या पांढऱ्या, मधली एकच नळी स्वच्छ काळी. 'शेजारी म्हणतात ही एकच चांगली निघाली, बाकीच्या बदलून घेणार आहेत.'

मी म्हटलं, त्यांना आजच्या आज सांग, तीच एक बिघडलेली आहे.

१६ डिसेंबर

रात्रभर तो फोटो डोक्यात. चांगल्या नळीतली उष्णता पोकळीमुळे बाहेर येतच नाही, बाहेरची काच गारच राहते, म्हणून बर्फ वितळत नाही. जिची पोकळी गेली तिच्यातून उष्णता गळते आणि बर्फ निघून जातो. मग आमच्याकडे हेच दवाने दिसायला हवं!

पाच वाजता टॉर्च घेऊन वर. दोनशे नळ्या एकेक बघत गेलो. १९७ ओल्या. तीन कोरड्या ठणठणीत: दोन नंबरची अकरावी, तीनची चाळिसावी आणि एकेचाळिसावी. हात लावला, कोमट. खाली बसून त्यांची टोकं पाहिली. चांगल्या नळीच्या तळाला आतून चांदीसारखा चकाकता थर असतो, बेरियम नावाच्या धातूचा. पोकळीत हवा शिरली की तो दुधासारखा पांढरा होतो. तिन्ही पांढऱ्या.

तळाचं टोक रबरी कपात बसलेलं असतं, त्यामुळे एरवी एकेक कप काढून बघावा लागतो. दोनशे कप, माझे गुडघे, दोन दिवस. दवाने ते काम दहा मिनिटांत झालं. नोकरीत असतो तर यावर एक पानभर रिपोर्ट लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवला असता. इथे वॉचमनकाकांना दाखवलं. ते म्हणाले, 'म्हंजी जी रडत न्हाई ती आजारी.' माझ्या पानभर रिपोर्टपेक्षा हे बरं.

१९ डिसेंबर

आज गुरुवार, दुरुस्तीसाठी पाणी बंद. बुधवारी रात्री इमारतीची वरची टाकी भरून ठेवायची होती आणि सोलरकडे जाणारे व्हॉल्व्ह सकाळी मी बंद करणार होतो. वॉचमनकाकांना तसं छातीठोक सांगितलंही होतं. सकाळी दाताच्या डॉक्टरांकडे गेलो आणि विसरलो.

वरची टाकी अकराला रिकामी. सर्व्हिसिंगला येणाऱ्यासाठी ठेवलेला दोन नंबरचा ड्रेन कॉक, म्हणजे टाकी रिकामी करायचा नळ, अर्धवट उघडा राहिला होता, हे नंतर कळलं. दोन नंबरची टाकी पूर्ण कोरडी पडली आणि नळ्यांतलं पाणी तापून घटत गेलं. नळीचा जो भाग रिकामा पडतो तिथली आतली काच भर उन्हात दोनशे अंशांच्या पुढे जाऊ शकते. कुणीतरी कॉक बंद केला. दीडला टँकर आला, पंप चालू झाला. मी जिन्यात होतो. वरून फट्, मग दोन सेकंदांनी आणखी एक फट्.

या प्रकारात नळी आणि टाकी यांत एकच पाणी. एक नळी फुटली की तिच्या भोकातून टाकी रिकामी होते. धावत वर जाऊन व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत गच्चीभर पाणी आणि काचा. इजा कुणाला नाही. ग्रुपवर मीच लिहिलं, चूक माझी, दोन नळ्यांचे पैसे माझे.

२१ डिसेंबर

पाच नळ्या आणल्या, तीन आजारी आणि दोन माझ्या. ऊन उतरल्यावर बसवल्या, वर चादर टाकून. जुन्या काढताना टाकी रिकामी करावीच लागते, त्यामुळे दोन आणि तीन नंबर एकाच दिवशी उरकले. नव्या नळीच्या तोंडाला साबणाचं पाणी लावून, हलके पिळत रबरी रिंगेत सरकवायची. जोर लावला की गेली. प्लंबरने चार बसवल्या, मी एक. पाणी रात्री भरलं, सगळं गार झाल्यावर.

सगळ्या व्हॉल्व्हना पत्र्याचे बिल्ले लावले, नंबर टाकून. एक कागद प्लास्टिकमध्ये घालून जिन्याच्या दाराला: पाणी बंद असेल त्या दिवशी काय बंद करायचं, कुणी. 'कुणी' पुढे आता दोन जणांचे फ्लॅट नंबर आहेत.

४ जानेवारी

पारवे. दव पारव्याच्या विष्ठेला पुरत नाही, ती आदल्या संध्याकाळी ओलं फडकं टाकून भिजवावी लागते. तोंडाला मास्क बांधूनच, वाळलेली खरवडली तर ती छातीत जाते.

पारवे येतात कारण तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गच्चीत ज्वारी टाकतात. सेक्रेटरींना त्यांना सांगायचा धीर नाही, मला सांगायला लावलं. आजींनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, पाणी मात्र हल्ली छान गरम येतं हो. आता ज्वारी बंद आहे की वेळ बदलली आहे, हे कळलेलं नाही.

९ जानेवारी

चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, एवढी थंडी पुण्यात कधीच नव्हती. त्यांना सांगितलं, १७ जानेवारी १९३५ ला पुण्यात पारा १.७ अंशांवर गेला होता. निरभ्र रात्री उघड्यावरची काच हवेपेक्षाही गार होते, म्हणजे त्या पहाटे इथे नळ्या असत्या तर दवाऐवजी हिमकण पुसावे लागले असते. लेकीला कळवायला हवं.

१४ जानेवारी

संक्रांत. तीन दिवस ढगाळ होतं. ढग असले की रात्री काच तितकी गार पडत नाही आणि दव नाही. कोरडं पुसायचा मोह झाला, आवरला. कोरडी धूळ घासली की काचेवर ओरखडे. दव नसेल त्या दिवशी हात लावायचा नाही, हा नियम कागदावर वाढवला.

आता चार जणांची पाळी आहे, आठवड्यातून दोन पहाटा, प्रत्येकी एक युनिट. दोघे कॉलेजची मुलं. एक पहाटे उठतो, दुसरा अजून झोपलेलाच नसतो. वर आले की तिळगूळ खाऊन कामाला लागतात. चारही युनिटची वाढ आता २९ ते ३०, चार नंबर सावलीमुळे २७.

२ फेब्रुवारी

दव विरळ होत चाललंय. आज सहा वाजता नळ्या नुसत्या ओलसर, मोजा ओढला तर मधेच कोरडा पडला. वाराही सुटायला लागलाय. आणखी पंधरा दिवस फार तर. उन्हाळ्यात पाणी तसंही उकळतं, तेव्हा महिन्यातून एकदा, सूर्य उगवायच्या आत, पिंपातल्या मऊ पाण्याची एक बादली. पिंपात अजून दीड बादली आहे.

पाइपाच्या आवरणाचं कोटेशन आलं. सभा रविवारी. पहिल्या मजल्यावरचे सगळे येणार आहेत.